व्याळगडचा शेवटचा फर्मा

व्याळगडच्या शेवटच्या फर्म्यात स्वार पडतो. कुठलाही भाग उघडा, पडतोच. मी चौथी शिकलेली बाई. एक पान वाचायला मला भात शिजायला लागतो तेवढा वेळ लागतो. पण हे मला वाचून कळलेलं नाही, हातानं कळलंय. मोठा छापील कागद दुमडला की त्याची सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणायचं. असे फर्मे ओळीनं लावायचे, दोऱ्यानं शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा, की झालं पुस्तक. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं चौगुले बाइंडिंग आहे, नवरा गेल्यापासून मीच चालवते. व्याळगडचा शेवटचा फर्मा टेबलावर आला की त्यात ते चित्र असायचंच. खाली दरी, वर पंख पसरलेला व्याळ, मधे हातपाय फाकून पडणारा माणूस. कधी दरीत पाणी, कधी बर्फ, कधी आग. दुमडणाऱ्या बायका म्हणायच्या, "आक्का, आला बघा आपला पडका."

व्याळ म्हणजे देवळाच्या खांबावर कोरलेला असतो तो, सिंहाच्या तोंडाचा. हल्लीची पोरं त्याला ड्रॅगन म्हणतात. गोष्ट म्हणाल तर एवढीच: एक गड, गडावर व्याळ, व्याळावर बसणारा स्वार, आणि गडावर डोळा ठेवून बसलेला कुणीतरी मेला दुष्ट राजा. भाग निघत गेले तसे राजे बदलले, डोंगरांची नावं बदलली. बाकी सगळं तेच. माझा मुलगा दिगंबर त्यावर जीव टाकायचा. कागदाला खळ लावता लावता वाचायचा आणि माझ्या शिव्या खायचा.

"अरे, तेच तेच काय वाचतोस?"

"तेच नाही आई. ह्या वेळी व्याळ आंधळा आहे."

"आणि वर बसलेला पडतो का नाही?"

"पडतो की."

"मग?"

"पडणार हे माहीत असतं. कसा पडणार, कसा वाचणार, ते माहीत नसतं. तुझ्या पूजेची पोथी दरवर्षी तीच असते, ती बरी ऐकतेस."

"त्यानंतर प्रसाद मिळतो, शहाण्या."

यावर शालन, माझी सून, तोंडाला पदर लावून हसायची. दिगू तिला रोज जेवणानंतर तो भाग वाचून दाखवायचा, आवाज काढून, व्याळासारखा फुत्कारून. शेजारी विचारायचे, घरात काय मांजर भांडतंय का.

दिगू तवंदी घाटात गेला. निपाणीच्या पलीकडं पुस्तकं पोचवून येताना ट्रकनं गाडी कठड्यापलीकडं ढकलली. त्याची पोर जुई तेव्हा बालवाडीत होती. मी रडले नाही. रडायला बसले असते तर टेबलाभोवतीच्या बायकाही बसल्या असत्या, आणि शाळांची पुस्तकं तशीच पडली असती. लोक म्हणाले, दगड आहे बाई. म्हणू देत.

पुढं व्याळगडच्या मूळ लेखकानं हात टेकले आणि मालिका एका कंपनीच्या हवाली केली. त्या कंपनीची बाई आमच्याकडं आली, तनया पोतनीस. केस कापलेले, बोलायला खडीसाखर. तिनं टेबलावर एक कापडी पट्टी ठेवली, कपाळाला बांधायची. कपाळपट्टीच म्हणत होती तिला.

"आक्का, तुम्ही जिना उतरताय. अजून एक पायरी आहे असं वाटून पाय टाकता, आणि पायरी नसते. दचकता ना?"

"माझं वय काढू नकोस. दचकते."

"म्हणजे पाय टाकायच्या आधीच डोक्यानं पायरी धरलेली असते. वाचतानाही तसंच. पुढचा शब्द कुठला, पुढं काय होणार, हे डोकं सतत आधी धरत असतं. धरलेलं बरोबर निघालं की निवांत वाटतं. चुकलं की दचकतं. सगळंच बरोबर निघालं तर झोप येते, सगळंच चुकलं तर माणूस पुस्तक मिटतो. प्रत्येकाचा मधे कुठंतरी तोल असतो. ही पट्टी तो मोजते, आणि डोकं पुढं काय धरतंय तेही टिपते."

पट्टीच्या आतले धागे डोक्यातली हालचाल टिपायचे आणि समोरची बारीक काच डोळा कुठल्या पानावर, कुठल्या ओळीवर आहे ते बघायची. मग कंपनीचं यंत्र पुढचा भाग त्याच माणसाच्या तोलानं रचायचं. हाडं सगळ्यांच्या भागांची सारखी: गड, व्याळ, शेवटच्या फर्म्यात पडणं. मांस ज्याचं त्याचं. कुणाचा स्वार म्हातारा, कुणाची जुळी भावंडं. कुणाचा पडूनही वाचायचा, कुणाचा नाही. एका माणसासाठी एकच प्रत छापायची, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं.

"आणि माणसाचा तोल बदलला तर?"

"यंत्रही बदलतं, आक्का. माणसाबरोबर चालतं."

"कुठल्या बाजूला?"

ती हसली. "माणूस जाईल तिकडं."

प्रत्येक प्रत वेगळ्या जाडीची, त्यामुळं मोठ्या मशिनी असले लाड करत नाहीत. म्हणून आमच्याकडं आली. मी अट घातली, प्रत्येक पुस्तकाच्या मागं आमचं नाव छापायचं. शिवण: चौगुले बाइंडिंग, उद्यमनगर, कोल्हापूर. घराण्याचं नाव आहे, लपवायचं कशाला?

पहिल्याच खेपेला तनयानं शालनला एक पट्टी भेट दिली. शालननं कुंकू लावायचं सोडलं होतं, तिथं ती पट्टी आली. मी म्हणलं, बरं झालं, दिगूची आवड आहे, तेवढाच विरंगुळा.

पहिला भाग तिनं वाचला आणि बाहेर येऊन मला गोष्ट सांगितली. दुसऱ्यानंतर सांगितली नाही. तिसऱ्यानंतर कामावर येईनाशी झाली. शालनच्या हाताची जुळणी म्हणजे फर्म्यांच्या कडा अशा बसायच्या की वरून बोट फिरवलं तर खाच लागायची नाही. तसला हात खोलीत बसून राहिला. जुई दाराशी जाऊन उभी राहायची, मग माझ्याकडं यायची.

शाळेच्या कार्यक्रमात जुई मोर झाली होती. पिसारा मी पुठ्ठ्याचा करून दिला. शालन आली नाही. घरी येऊन मी तिच्या खोलीत गेले.

"पोरगी नाचली आज. टाळ्या पडल्या."

"हं."

"हं काय? काय वाचतीस एवढं? मागल्या भागात होतं तेच ना?"

"हो."

"मग ठेव की बाजूला!"

शालननं पट्टी थोडी वर सरकवली. शालन मला आत्ती म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. "आत्ती," ती म्हणाली, "तो परत येतो."

"कोण?"

"दरीत पडतो. सगळे म्हणतात गेला. मग सकाळी दारात उभा असतो, अंगाला धूळ. म्हणतो, उशीर झाला जरा. दिगंबर म्हणायचे तसंच."

मी बाहेर येऊन भांडी आपटली.

तनयाला फोन लावला. ती खुशीत होती. "शालनताईंचा तोल फार दुर्मिळ आहे, आक्का. त्यांना बदल जवळजवळ नकोच. हल्ली आम्ही डोंगराचं नाव तेवढं बदलतो."

"लाज नाही वाटत?"

"त्यांना बरं वाटतंय."

"तिला बरं वाटतंय. पोरीचं काय?"

"जुईलाही पट्टी हवीय का? मुलांचं व्याळगड येतंय आता."

मी फोन ठेवला. जे बोलायचं होतं ते फोनवर बोलून उपयोग नव्हता.

व्याळगडचा पुढचा गठ्ठा आला. शालनची प्रत त्यात होती, कडेला तिचं नाव छापलेलं. बायका जेवायला गेल्या तशी मी तिचा शेवटचा फर्मा बाजूला काढला आणि दुसऱ्यांचे शेवटचे फर्मे चाळायला बसले. मला पाहिजे होता असा फर्मा, ज्यात पडलेला परत येत नाही. एकदा गेला म्हणजे गेला. माणसाला ते कधीतरी वाचावं लागतं. मी वाचलं नव्हतं का? घाटात जाऊन, डोळ्यांनी?

सगळं वाचायला बसले असते तर दिवाळी आली असती. म्हणून मी प्रत्येकाची फक्त शेवटची ओळ वाचत गेले, बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावत. बहुतेकांचे परत येत होते. माणसांना तेच पाहिजे असतं. मग एक सापडला. शेवटची ओळ अशी: व्याळ रिकाम्या पाठीनं गडावर उतरला, आणि त्या दिवसापासून दरवाज्याला कडी लागली.

तो मी शालनच्या प्रतीत घातला. शालनचा त्या दुसऱ्या प्रतीत घातला. पानांचे नंबर नशिबानं जुळत होते, आणि पट्टीला पानाचा नंबर तेवढा दिसतो, पान कुणाचं ते कळत नाही. दोन्ही प्रती मी स्वतः शिवल्या. त्या दुसऱ्या प्रतीच्या कडेला कुणाचं नाव आहे ते मी वाचलंसुद्धा नाही. परक्याशी मला काय करायचं होतं?

शालननं भाग संपवला तो दिवस मला आठवतो. मी अंगणात पुठ्ठे वाळत घालत होते. खोलीतून खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि शालन अनवाणी बाहेर आली. माझ्याकडं बघितलंही नाही. गल्लीत जुई दोरीच्या उड्या मारत होती. शालननं धावत जाऊन तिला उचललं, एवढ्या मोठ्या पोरीला कडेवर घेतलं, आणि तिच्या मानेत तोंड घालून रडली. गल्ली बघत होती. बघू दे म्हणलं. दिगू गेला त्या दिवशी जे रडायचं राहिलं होतं ते आज निघालं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. टेबलाच्या त्या बाजूला बसली जिथून दार दिसतं. जुईची वेणी स्वतः घातली. शाळेत स्वतः सोडायला गेली, आणि शाळा सुटेपर्यंत फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसून राहिली. बायका म्हणाल्या, "आक्का, काय जादू केलीत?"

मी काय सांगणार? मी मान ताठ केली. "सून माझी आहे. मला माहीत आहे तिला कसं उठवायचं ते." शिकल्यासवरल्या कंपनीला जे जमलं नाही, ते चौथी शिकलेल्या बाईनं सुईदोऱ्यानं केलं, असं मला वाटत होतं. कित्येक दिवस मी त्याच गुर्मीत होते.

जुई एकदा कुरकुरली. "आज्जी, आई मला झोपाळ्यावर बसू देत नाही."

"नको बसू मग. आईचं ऐकावं."

"नाचालाही जायचं नाही म्हणते. जिन्यावर हात सोडत नाही. दुखतो हात."

"एवढे दिवस आई पाहिजे होती ना? आता मिळाली तर नखरे."

तनयाचाही फोन आला. "आक्का, शालनताईंचं इतकं लक्ष आम्ही कधीच बघितलं नव्हतं! पट्टी नुसती उसळलीय. त्यांचं डोकं आता वेगळंच काही धरतंय, यंत्रानं लगेच ओळखलं, पुढचा भाग एकदम नवा दिलाय."

"बघ," मी म्हणलं, "मी सांगत होते, बदल पाहिजे."

तो नवा भाग शालननं टेबलाशीच बसून वाचला, जुईला मांडीजवळ बसवून, एक हात तिच्या मनगटावर. वाचून झाल्यावर पट्टी काढली. कपाळावर तिचा लाल वळ उठला होता.

"आत्ती, खिडक्यांना जाळ्या बसवून घ्या. आणि जुई उद्यापासून शाळेत जाणार नाही."

"का गं बाई?"

"नाही जाणार."

तिचे डोळे बघून माझ्या मानेतला ताठा पहिल्यांदा जरा सैल झाला.

त्यानंतर लवकरच ते गृहस्थ आले. दारात चपला काढल्या, हातात पेढ्यांचा पुडा, काखेत व्याळगड. धोतर स्वच्छ, बोटं मात्र पिवळी. "चौगुले बाइंडिंग हेच ना? मी सांगलीचा आण्णाप्पा मगदूम. हळदीच्या अडतीत असतो. ह्या पुस्तकाची शिवण कुणी केली?"

"मी केली. सुटली का काय?"

"सुटेल कशी?" ते म्हणाले, आणि वाकून माझ्या पायाला हात लावायला लागले. माझ्याच वयाचा माणूस. मी मागं सरकले.

"अहो, हे काय? बसा. शालन, पाणी आण."

शालन जुईला धरूनच पाणी घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली.

"माझी मुलगी कावेरी," मगदूम म्हणाले, "उन्हाळ्यापासून दवाखान्यात आहे. डोक्यात रक्त साकळलं. श्वास मशीन घेतंय. डॉक्टर म्हणाले, आता ती उठायची नाही, तुम्ही ठरवा. कसं ठरवायचं? तिच्या उशाशी बसून हे वाचत होतो. तिचीच आवड. माझ्या पुस्तकात दरवेळी एक पोरगी दरीत पडते आणि व्याळ रिकामा परत येतो. पहिल्यांदा मी पुस्तक भिरकावलं होतं. पुढच्या भागात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यात पुन्हा. पोरगी वेगळी, वारा वेगळा, पण पडणं तेच. मग भिरकावावंसं वाटेना. ह्या पुस्तकानं मला हाताला धरून एकेक पायरी खाली उतरवलं, आक्का. शेवटी मशीन काढायच्या कागदावर सही करायला निघालो होतो. म्हणलं जाण्याआधी एवढी सोळा पानं संपवू. आणि तो परत आला! अंगाला धूळ, दारात उभा. म्हणतो, उशीर झाला जरा."

शालनच्या हातातलं भांडं वाजलं.

"मग सही?" मी विचारलं.

"केली नाही. कागदच फाडून टाकला."

"डॉक्टर काय म्हणतात?"

त्यांनी बोटांकडं बघितलं. "पाठीला जखमा पडायला लागल्यात तिच्या. कूस बदलली तरी पडतात. पण येतात की माणसं परत. येतात ना?" आणि पेढ्यांचा पुडा माझ्यापुढं सरकवला. "तोंड गोड करा."

माझी जीभ आजवर कुणापुढं अडली नव्हती, सासऱ्यापुढं नाही, बँकेच्या साहेबापुढं नाही. तेव्हा अडली. गप्प बसले असते तर ते पेढे ठेवून आनंदात सांगलीला गेले असते, आणि तिकडं ती पोरगी मशिनीवर सडत राहिली असती. ती ज्या पानांवर सडत होती ती मी शिवली होती.

"मगदूम," मी म्हणलं, "ती पानं तुमची नव्हती. ह्या माझ्या सुनेची होती. मी मुद्दाम बदलली. तुमची तिच्यात घातली."

मला वाटलं ओरडतील. ते नुसते मान हलवत राहिले.

"माहीत आहे मला," शेवटी म्हणाले. "आक्का, माझ्या पुस्तकात पोरगी पडली होती. पुढच्या पानावर एकदम बाप्या माणूस पडायला लागला. वाक्यसुद्धा अर्धं तुटलेलं. मी काय आंधळा आहे? पहिल्या ओळीलाच कळलं, कुणाचीतरी पानं चुकून आली."

"मग?"

"मग काय? कुणाचातरी आला ना परत. म्हणलं, एवढं बांधणाऱ्याच्या हातून चुकतं, तर वरच्याच्याही हातून एखादं चुकेल."

मग शालन पुढं आली.

"आत्ती. मग माझ्यात जी पोरगी होती... कड्यावरून गेली ती, लाल रिबिनीची..."

आमच्या जुईला लाल रिबिनी असतात. मी शेवटची ओळ तेवढी वाचली होती. मला काय माहीत, आत पोरगी आहे ते.

"तुला काय वाटलं होतं, शालन?"

"मला वाटलं, ते मला सांगतंय. एवढे दिवस तो जायचा आणि यायचा. आता तो नाहीच, पोरगी जाते. आणि नव्या भागात पण पोरगीच. तीन वेळा. पाण्यात, झोपाळ्यावरून, खिडकीतून. माझी डोळ्याला डोळा नाही आत्ती. मला वाटलं जुईला..."

"जुई नाही. ती यांची कावेरी."

"यांची?"

"यांची."

शालननं श्वास सोडला. एवढा लांब श्वास मी माणसाचा ऐकला नाही. आणि मग ती हसली. जुईचं मनगट सोडून दोन्ही हात तोंडावर घेतले, तरी हसू बोटांतून बाहेर सांडत होतं. "यांची होती! देवा, यांची होती!"

मगदूम खाली मान घालून बसले होते, त्यांच्यासमोर. हसू थांबल्यावर शालनला ते दिसले. तिचा चेहरा पडला तो मला बघवला नाही.

"असू दे, ताई," ते म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर मीही हसलो असतो." त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "तुमची पानं घ्या. माझी मला द्या. आता तीच वाचायला पाहिजेत."

मी कात्रीनं दोरा कापला आणि शालनचा फर्मा मोकळा केला. कडेला हळदीचे ठसे होते, जिथं जिथं त्यांनी पान धरलं होतं तिथं. शेवटच्या पानावर सगळ्यात जास्त.

"शालन, यांची पानं आण."

ती हलली नाही. "नाहीत. फाडून पंचगंगेत सोडली. घरात ठेवायला नको म्हणून."

मगदूमांनी मान डोलावली, जसं काही त्यांना हेही आधीच माहीत होतं. शेवट नसलेलं पुस्तक काखेत मारून ते उठले. पेढे राहिले. दारात चपला घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला.

त्यांची पाठ वळते न वळते तोच शालननं ती सोळा पानं उचलली. मी म्हणलं, "शालन, ठेव ती." तिनं ऐकलं. म्हणजे कानानं ऐकलं. पानं छातीशी धरून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जुई मनगट चोळत उभी होती. तिनं मला विचारलं, आता मी झोपाळ्यावर जाऊ का. मी जा म्हणलं.

शालन परत टेबलाशी आली नाही. पट्टी बांधून ती सोळा पानं ती पुन्हा पुन्हा वाचते. तनया म्हणते, तोल पूर्वीसारखा झाला, काळजी नको. मी तिला सगळं सांगितलं, अदलाबदलीसकट. ती म्हणाली, "आक्का, हे वर कळवलं तर तुमचं काम जाईल." कळवलं नाही तिनं. शिवणाऱ्यांची कंपनीलाही चणचण आहे.

मी सांगलीला फोन केला होता. मगदूमांच्या घरच्या बाईनं उचलला. कावेरीचं रक्षाविसर्जन कालच झालं, म्हणाल्या. तुम्ही कोण? मी म्हणलं, पुस्तकं बांधते. त्यांना काही उमगलं नाही.

त्याच आठवड्यात नवा गठ्ठा आला. ह्या वेळी मी कडेची नावं वाचली. आण्णाप्पा मगदूम. यंत्राला कावेरी गेल्याचं कुठून कळणार? त्याला कळलं होतं ते एवढंच, की ह्या माणसानं मागल्या खेपेला शेवटच्या सोळा पानांत मान वर केली होती, आणि तिथून त्याचं डोकं परत येणंच धरून होतं. त्या सोळा पानांवर त्यानं अख्खा भाग रचला होता.

त्यांचा शेवटचा फर्मा मी वाचला. ह्या वेळी शेवटची ओळ नाही, पहिल्या अक्षरापासून. बायका जेवून आल्या, कामाला लागल्या, घरी गेल्या, तरी मी वाचतच होते. पोरगी पडते. व्याळ गडावर येतो. त्याच्या पाठीवर ती असते, केस विस्कटलेले, एक चप्पल हरवलेली. बापाला म्हणते, रागावू नका, भूक लागलीय. बाप ताट वाढतो. ती जेवते, आणि जेवता जेवता सांगत राहते, दरीत काय काय बघितलं ते.

मी खूप वेळ सुई हातात धरून बसले. तो फर्मा काढून दुसऱ्याचा घालणं मला अवघड नव्हतं. बाजूलाच पडले होते, रिकाम्या पाठीचे. पण एकदा मी परक्याची पानं हलवली होती आणि दोन घरं बघितली होती. आहे तसं शिवलं. टाके नेहमीपेक्षा जवळजवळ घातले.

पोस्टानं पाठवलं नाही. एसटीनं सांगलीला गेले. गणपती पेठेच्या मागं त्यांचं घर, जिन्यात हळदीचा वास. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली, डोकं भादरलेलं. मला बघून आश्चर्य वाटल्याचं दाखवलं नाही. मी पुस्तक पुढं केलं.

त्यांनी घेतलं, पण उघडलं नाही. पुस्तकाच्या पाठीवरून, आत माझे टाके होते तिथून, अंगठा फिरवत राहिले.

"तुम्ही वाचलंत?"

"वाचलं."

"येते?"

मी आयुष्यात कुणाची भीड ठेवली नाही, कुणाला गोड बोलून फसवलं नाही. त्यांच्याकडं बघितलं.

"येते," मी म्हणलं.

त्यांनी खिशातून कपाळपट्टी काढली, दारातच बांधली, आणि मला या म्हणायचं विसरून हळूच दार लावून घेतलं.